मंगळवारची पुस्तकं आणि पंधरा वर्षांचं वय



आजचा विषय मी कळवला, 'या आठवड्यात आलेल्या किशोरवयीन कादंबऱ्या', तेव्हा संयोजकांचा फोन आला. त्यांना वाटलं, माझ्याकडून टाइप करताना काहीतरी चूक झाली असावी. तेहेतीस वर्षं कॉलेजात नीतिशास्त्र आणि ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, वय वर्षं त्र्याहत्तर. त्याचं पोरासोरांच्या कादंबऱ्यांशी काय देणंघेणं? तर आधी तेच सांगतो.

माझी नात न्यू जर्सीत असते. चौदा वर्षांची आहे. मराठी छान बोलते, वाचताना अडखळते. दर मंगळवारी संध्याकाळी तिचा मला एक निरोप येतो, पुस्तकांच्या नावांचा. खाली एकच ओळ असते, 'आजोबा, यातलं कुठलं वाचू?' आता मंगळवारच का? तर आपल्याकडे जसा शुक्रवार नव्या सिनेमाचा, तसा तिकडे मंगळवार नव्या पुस्तकांचा. सरकारी नियम वगैरे नाही, धंद्याचा रिवाज आहे. अँजी थॉमस यांची 'द हेट यू गिव्ह' आली २८ फेब्रुवारी २०१७ला, मंगळवार. 'हंगर गेम्स' मालिकेतली 'सनराइज ऑन द रीपिंग' आली १८ मार्च २०२५ला, तोही मंगळवार. म्हणजे वर्षाचे बावन्न आठवडे, दर आठवड्याला बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी नव्या कादंबऱ्यांचा एक घाणा बाहेर पडतो.

या आठवड्याची यादीही आली आहे. तिच्यातली नावं मी आज घेणार नाही. मी ती पुस्तकं वाचलेली नाहीत, आणि मुखपृष्ठाच्या मागचा मजकूर वाचून मत देणं ही समीक्षा नव्हे, ती जाहिरातीची पुनरावृत्ती झाली. पण न वाचलेल्या पुस्तकांपुढे उभं राहून एक प्रश्न विचारता येतो. ही पुस्तकं आपण कोणत्या तराजूत तोलणार आहोत? पंधरा वर्षांच्या माणसासाठी लिहिलेलं पुस्तक चांगलं केव्हा म्हणायचं? आजचं व्याख्यान एवढंच आहे.

थोडा इतिहास पाहू. 'यंग अ‍ॅडल्ट' हा शब्द लेखकांनी घडवलेला नाही. तो रूढ केला ग्रंथपालांनी. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेनं १९५७ साली या वयाच्या वाचकांसाठी वेगळा विभाग केला, म्हणजे आधी कपाट तयार झालं आणि त्यात ठेवायची पुस्तकं मागून आली. अर्थात अशी पुस्तकं आधी नव्हती असं नाही. लुइसा मे अल्कॉट यांना त्यांच्या प्रकाशकांनी मुलींसाठी एखादं पुस्तक लिहा म्हणून गळ घातली. त्यांनी काहीशा मनाविरुद्धच लिहायला घेतलं आणि १८६८ साली 'लिटल विमेन' आलं. ते आपल्याला परकं नाही. शान्ता शेळके यांनी त्याचं 'चौघीजणी' केलं आणि मराठी घरांमधल्या मुलींच्या दोनतीन पिढ्या त्यावर वाढल्या. माझी बायको ज्योची बाजू घेऊन आजही भांडते. तेव्हा 'अमेरिकन पोरांची पुस्तकं आपल्याला काय कामाची' असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं की ती केव्हाच आपल्या घरात येऊन राहिली आहेत.

सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' १९५१ची. ती मोठ्यांसाठी छापली होती, मुलांनी ती पळवली. खरं वळण आलं १९६७ साली. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावची एक मुलगी, एस. ई. हिंटन. तिनं पंधराव्या वर्षी एक कादंबरी लिहायला घेतली, बरीचशी सोळाव्या वर्षी लिहिली, आणि पुस्तक छापून आलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुस्तकाचं नाव 'द आउटसायडर्स'. नावाची आद्याक्षरंच छापली, कारण मुलांच्या टोळ्यांची गोष्ट एका मुलीनं लिहिली आहे हे कळलं तर परीक्षक आधीच नाक मुरडतील, असं प्रकाशकांना वाटलं.

त्या कादंबरीत पोनीबॉय नावाचा चौदा वर्षांचा मुलगा आहे. आईवडील अपघातात गेलेले, थोरला भाऊ घर चालवतो. गावात दोन टोळ्या, एक गरीब पोरांची, एक श्रीमंत पोरांची. मारामारी होते, एक खून होतो, दोन मित्र जातात. आणि शेवटी कळतं की आपण वाचली ती कादंबरी म्हणजे या मुलानं इंग्रजीच्या शिक्षकांसाठी लिहिलेला निबंध आहे. वर्षभर नापास होऊ घातलेल्या मुलानं अखेर लिहायला बसून जे लिहिलं, ते हे. कादंबरीत भाबडेपणा आहे, काही ठिकाणी अश्रू जरा जास्तच आहेत. पण एक गोष्ट तिच्यात आहे जी तोवर फारशी नव्हती. त्या वयाकडे लांबून पाहणारं कोणी तिच्यात नाही. लिहिणारी आतच उभी आहे.

हा मुद्दा जरा बाजूला ठेवू, त्याच्याकडे परत यायचं आहे. मधे माझ्या जुन्या मित्राला बोलावतो, म्हणजे ॲरिस्टॉटलला.

'ऱ्हेटरिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्यानं तरुणांचं वर्णन केलं आहे. तो म्हणतो, तरुण माणसं पटकन विश्वास ठेवतात, कारण ती अजून फारशी फसवली गेलेली नाहीत. त्यांना पैशाची किंमत नसते, कारण ददात माहीत नसते. ती आशेवर जगतात, कारण त्यांच्यापुढे भविष्य मोठं आहे आणि मागे आठवणी थोड्या. जे करतील ते टोकाचं. लगेच पुढच्या प्रकरणात म्हाताऱ्यांचं वर्णन आहे आणि ते फार वाईट आहे, बरं का. म्हातारे आठवणींवर जगतात, संशयी असतात, भित्रे असतात, एकसारखे बोलत असतात. (हशा) माणसाची बुद्धी एकोणपन्नासाव्या वर्षाच्या सुमाराला ऐन भरात असते, असंही तो सांगतो. म्हणजे मी चोवीस वर्षं उशिरा बोलतो आहे आणि माझी नात पस्तीस वर्षं लवकर वाचते आहे.

पण हाच ॲरिस्टॉटल 'निकोमाखियन एथिक्स'च्या सुरुवातीलाच सांगतो की तरुण माणूस नीतीवरची, राजकारणावरची व्याख्यानं ऐकायला योग्य नाही, कारण त्याला जगण्याचा अनुभव नाही. मी ते पान तेहेतीस वर्षं एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना शिकवलं. दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचं, 'सर, मग आम्ही घरी जाऊ का?' मी हसून वेळ मारून न्यायचो. खरं उत्तर मला निवृत्तीनंतर या कादंबऱ्या वाचताना सुचलं. अनुभव नसलेल्या माणसाला सिद्धान्त देऊन उपयोग नाही हे खरंच आहे. म्हणूनच त्याला गोष्ट द्यायची असते. गोष्ट म्हणजे उसना अनुभव. आणि उसना असला तरी तो खोटा नाणं नसावा, एवढी एकच अट.

इथे प्लेटो उभा राहतो. 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात तो म्हणतो, लहानांच्या कानावर कोणत्या गोष्टी पडाव्यात हे राज्यानं ठरवलं पाहिजे. देव भांडतात, वीर रडतात, असल्या गोष्टी वगळा. हा वाद अडीच हजार वर्षांपूर्वीचा वाटतो, पण तो या घडीलाही चालू आहे. 'पेन अमेरिका' ही लेखकांची संस्था शाळांमधून हटवलेल्या किंवा अडवलेल्या पुस्तकांची मोजदाद ठेवते. २०२३-२४ या एका शालेय वर्षात तिनं असे दहा हजारांहून अधिक प्रकार नोंदवले. माझी नात जी यादी पाठवते तिच्यातली काही पुस्तकं दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या मुलीला तिच्या शाळेच्या ग्रंथालयात मिळणार नाहीत.

यात पालक सगळे दुष्ट आणि लेखक सगळे संत, असं मी म्हणणार नाही. आपल्या मुलाच्या हातात काय पडतं याची काळजी वाटणं स्वाभाविक आहे. मलाही वाटते. पण काळजी कशाची करायची? पुस्तकात वाईट गोष्ट आहे याची, की पुस्तक वाईट गोष्टीबद्दल खोटं बोलतं याची? माझं म्हणणं, दुसरीची.

उदाहरण घेऊ. रॉबर्ट कॉर्मिए यांची 'द चॉकलेट वॉर', १९७४. एक कॅथलिक मुलांची शाळा. शाळेला पैसे उभे करायचे आहेत म्हणून मुलांनी चॉकलेटं विकायची, प्रत्येकी पन्नास खोके. शाळेत मुलांची एक गुप्त टोळी आहे. ती जेरी नावाच्या नव्या मुलाला हुकूम देते, दहा दिवस चॉकलेट विकायला नकार द्यायचा. दहा दिवस संपतात. अकराव्या दिवशी हजेरीला नाव पुकारलं जातं, आणि जेरी पुन्हा म्हणतो, नाही. आता हुकूम नाही, सक्ती नाही. हे 'नाही' त्याचं स्वतःचं आहे. का म्हणाला, ते त्यालाही नीट सांगता येत नाही.

हे पान मला फार मोलाचं वाटतं. स्वातंत्र्य म्हणजे काय यावर मी कितीतरी वर्षं कांट शिकवला. दुसऱ्यानं सांगितलेलं 'नाही' आणि आपलं 'नाही' यांत फरक काय, हे इतक्या साध्या प्रसंगातून मला वर्गात कधी दाखवता आलं नाही. शब्द तोच, बाक तोच, हजेरी घेणारे सर तेच. फक्त आतला माणूस बदलला.

आणि मग शेवट. जेरी जिंकत नाही. साऱ्या शाळेसमोर त्याला बेदम मार बसतो, जबडा मोडतो, आणि त्याला आपल्या मित्राला सांगावंसं वाटतं की माझ्यासारखं करू नकोस, ते सांगतील तसं वाग. टोळीच्या म्होरक्याला काहीही होत नाही. अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं, शेवट बदला म्हणाले. कॉर्मिए यांनी बदलला नाही. हे पुस्तक सुचलं कसं, तर त्यांच्या स्वतःच्या मुलानं शाळेची चॉकलेटं विकायला नकार दिला होता. प्रत्यक्षात त्या मुलाचं काही वाईट झालं नाही. बापाच्या मनात मात्र प्रश्न राहिला, झालं असतं तर?

मी माझ्या एका मित्राला हे पुस्तक दिलं. तो म्हणाला, 'हे पोरांना द्यायचं? निराश होतील.' मी त्यावर बराच विचार केला. मला वाटतं, इथे आशा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर शोधायची नसते. ती वाचून संपल्यावर वाचणाऱ्याला जो राग येतो ना, त्या रागात असते. पंधरा वर्षांचा वाचक पुस्तक मिटून म्हणतो, 'बाकीची पोरं गप्प का बसली? मी असतो तर...' संपलं, काम झालं. गोड शेवटानं हा राग शमवला असता आणि मुलगा समाधानानं झोपला असता. कादंबरीत दोष नाहीत असं नाही. तिच्यातली मोठी माणसं एकजात पोकळ किंवा नीच आहेत, बायका जवळपास नाहीतच. जग इतकं एकरंगी नसतं. पण शाळेचं पटांगण कधीकधी तसं दिसतं, हेही खरं.

आता दर मंगळवारच्या ढिगाकडे येऊ. या ढिगाविषयी माझ्या तक्रारी आहेत आणि त्या मी नातीलाही सांगतो. पहिली तक्रार लाटेची. २००५ साली 'ट्वायलाइट' आलं, की पुढे काही वर्षं रक्तपिपासूंचं पीक. २००८ साली 'द हंगर गेम्स' आलं, की उद्ध्वस्त भविष्यकाळ आणि त्यात धनुष्य घेतलेली मुलगी, याचं पीक. मूळ पुस्तकात दम होता, भूक ही तिथे खरी भूक होती. नकलेत भूक गेली, धनुष्य राहिलं. दुसरी तक्रार, एक पुस्तक एक समस्या. याला आईवडिलांचा घटस्फोट, त्याला नैराश्य, तिला अमुक. पान उघडलं की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचल्यासारखं वाटतं. आणि तिसरी, ही पुस्तकं नक्की कोणासाठी? २०१२ सालच्या एका बाजार पाहणीत असं दिसलं की किशोरांसाठीची ५५ टक्के पुस्तकं अठराच्या पुढचे लोकच विकत घेतात, आणि बहुतेक स्वतःसाठी. मोठ्यांनी ती वाचू नयेत असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण मग लेखकाचा डोळा हळूच तिकडे वळतो. पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी तीस वर्षांच्या बाईच्या आठवणी येतात.

या ढिगातूनच 'द हेट यू गिव्ह' वर आली. स्टार कार्टर, सोळा वर्षांची काळी मुलगी. राहते गरीब वस्तीत, शिकते श्रीमंत गोऱ्यांच्या शाळेत. दोन ठिकाणी दोन भाषा बोलते. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या बालमित्राला पोलीस गोळी घालतो. ती एकटी साक्षीदार. ती बारा वर्षांची असतानाच आईवडिलांनी तिला शिकवून ठेवलं होतं, पोलिसानं थांबवलं तर हात कुठे ठेवायचे, कसं बोलायचं. मंडळी, बारा वर्षांच्या मुलीला शिकवायचा हा धडा आहे. पुस्तकात काही पानं समजावून सांगण्यात जातात, शाळेतली गोरी मैत्रीण वाद घालण्यापुरतीच आणली आहे असं वाटतं. तरीही पुस्तक उभं राहतं ते खोटं न बोलण्यामुळे. त्या पोलिसावर खटला उभा राहत नाही. न्याय मिळत नाही. फक्त एक गोष्ट बदलते. जी मुलगी दोन्हीकडे अर्धीमुर्धी बोलत होती, ती सगळ्यांसमोर पूर्ण बोलते. जेरीच्या 'नाही'ची ही बहीण आहे. आणि इथे मोठी माणसं पोकळ नाहीत. तिचा किराणा दुकानदार बाप हा मला या सगळ्या पुस्तकांमधला सर्वांत जिवंत बाप वाटला.

आता ज्या पुस्तकामुळे मी आज इथे उभा आहे त्याच्याकडे येतो. पॅट्रिक नेस यांचं 'अ मॉन्स्टर कॉल्स', २०११. याची मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची. त्या २००७ साली कर्करोगानं गेल्या. पुस्तक लिहून व्हायचं राहिलं, ते नेस यांनी लिहिलं. चित्रं जिम के यांची. पुढच्या वर्षी ब्रिटनमधला कार्नेगी पुरस्कार लेखनाला आणि ग्रीनअवे पुरस्कार चित्रांना, दोन्ही याच एका पुस्तकाला मिळाले.

कॉनर तेरा वर्षांचा. आईला कर्करोग. रात्री घरामागचं झाड राक्षस होऊन येतं आणि म्हणतं, मी तुला तीन गोष्टी सांगणार, चौथी तू मला सांगायचीस. आणि ती खरी असली पाहिजे. ती चौथी गोष्ट कॉनरला येणारं एक दुःस्वप्न आहे. आई कड्यावरून लोंबकळते आहे, त्यानं तिचे हात धरले आहेत, आणि तो सोडतो. हात निसटत नाहीत, तो सोडतो. कारण हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला वाटत असतं. आणि असं वाटतं म्हणून, आपल्याला शिक्षा व्हायला हवी असंही वाटत असतं.

नातीनं हे पुस्तक मला पाठवलं, तेव्हा ते एका संध्याकाळी वाचलं, आणि नंतर दोन दिवस मी कोणाशी नीट बोललो नाही. का, ते आज सांगतो. घरीही हे मी सांगितलेलं नव्हतं.

आम्ही तेव्हा कराडला राहायचो. साल १९६७. म्हणजे टल्सात ती मुलगी आपलं छापलेलं पुस्तक हातात घेत होती ते साल. मी पंधरा वर्षांचा. वडिलांना अर्धांगवायू झाला होता, आठ महिने ते माजघरात कॉटवर होते. अकरा डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. भिंती हलायला लागल्या, फडताळातली भांडी खाली आली. मी उठलो आणि पळालो. थेट बोळात. मागे वळून पाहिलं नाही. थंडीत उघडाच उभा होतो. थोड्या वेळानं आई आणि काका वडिलांना चादरीसकट उचलून बाहेर घेऊन आले. घर पडलं नाही. कोणाला काही झालं नाही. पण त्या मधल्या वेळात, आई बाहेर यायच्या आधी, माझ्या मनात एक वाक्य येऊन गेलं होतं. घर पडलं तर सुटतील. त्यांचं सुटणं की आमचं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

वडील चैत्रात गेले. मला कोणी काही बोललं नाही. पळाल्याबद्दलही नाही. पोरगा घाबरला, एवढंच. त्याच वर्षी मला वक्तृत्वस्पर्धेत 'श्यामची आई' बक्षीस मिळालं होतं. वडील गेल्यावर मी ते पुन्हा वाचायला घेतलं आणि बंद केलं. मला वाटलं, हे चांगल्या मुलांचं पुस्तक आहे. आपल्यासाठी नाही.

आता हे साने गुरुजींवर अन्याय करणारं वाचन होतं, हे मला पुढे कळलं. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. नीट वाचलं तर श्याम चुकांची कबुलीच देत असतो. आई जाते तेव्हा तोसुद्धा जवळ नसतो, त्याला पोहोचायला उशीर होतो. ते पुस्तक चांगल्या मुलाचं नाही, पश्चात्तापाचं आहे. मग पंधराव्या वर्षी मला ते बंद का करावंसं वाटलं?

मला आज असं वाटतं. 'श्यामची आई' सांगतो तो मोठा झालेला श्याम, आश्रमात, मित्रांना, रोज रात्री एक. त्याला प्रत्येक प्रसंगाचा अर्थ लागलेला आहे. त्यानं केलेलं त्याला माफ झालेलं आहे, म्हणूनच ते इतक्या शांतपणे सांगता येतं. कॉनरला अजून काहीच कळलेलं नाही. त्याची माफी अजून व्हायची आहे. आणि दुसरं असं की श्याम कबूल करतो त्या बहुतेक चुका केलेल्या असतात, आणि कॉनर कबूल करतो तो नुसता मनात आलेला विचार. आपण लहानपणापासून 'मनसा, वाचा, कर्मणा' म्हणतो, म्हणजे मनातलं पापही पापात धरतो. पंधरा वर्षांच्या पोराला ही वजाबाकी कोणी करून देत नाही की मनात काय येऊन जातं आणि तू काय करतोस या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नेसचा राक्षस ती करून देतो. साधारण असं सांगतो, की मन एका दिवसात शंभर वेळा स्वतःच्या विरुद्ध बोलतं, माणूस कळतो तो त्याच्या वागण्यातून. पुढच्या पानांवर कॉनर आईचा हात धरून बसतो. या वेळी घट्ट.

मी इतकी वर्षं नीतिशास्त्रात विचार आणि कृती यांचा संबंध शिकवला. तो मला स्वतःच्या बाबतीत एका मुलांच्या पुस्तकानं शिकवला, सत्तरी उलटल्यावर. मला एकच वाटलं, हे पुस्तक मला सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं उशिरा मिळालं.

तेव्हा सुरुवातीचा प्रश्न. तराजू कोणता? पुस्तक त्या वयाच्या आत उभं आहे का, हे पहा. आत उभं राहणं म्हणजे 'मी'मध्ये लिहिणं नव्हे. नेस यांचं पुस्तक तृतीयपुरुषी आहे, आणि एका प्रौढ माणसानं लिहिलेलं आहे. लेखक पंधरा वर्षांचा असायला हवा असंही नाही. पुढे काय होणार आणि या सगळ्याचा अर्थ काय, हे माहीत असल्याचा आव पुस्तकानं आणता कामा नये, एवढंच. आणि दुसरं, ते खोटं बोलत नाही ना. अंधार दाखवला म्हणजे खरं, असंही नाही. उगाच काळोखी पुस्तकंही खोटी असतात, गोड पुस्तकांइतकीच.

मराठीत काय? मराठीत अशी पुस्तकं नाहीत असं म्हणणं अज्ञानाचं होईल. बालभारतीनं 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू केलं, ते या वयाला नाव देणारंच होतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. पण धाडस हा त्या वयाचा एक भाग झाला, एकांत हा दुसरा. तो एकांत आला प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मध्ये १९९४ साली, लंपनच्या तोंडून. आणि मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'त २००४ साली. दोन्ही पुस्तकं आत उभी आहेत. फक्त ती ठेवली कुठे आहेत? ग्रंथालयात मोठ्यांच्या कपाटात. चाळिशीतले लोक ती वाचतात आणि 'आमचे दिवस आठवले' म्हणून डोळे पुसतात.

आमच्या इमारतीतला एक मुलगा मला विचारत आला, काय वाचू. मी त्याला 'शाळा' दिलं. चार दिवसांनी त्याची आई पुस्तक घेऊन आली. संकोचून म्हणाली, 'काका, चांगलंच असेल, पण हे त्याच्या वयाचं आहे का?' मी विचारलं, तो कितवीत आहे? म्हणाली, नववीत. मी म्हटलं, पुस्तकातला मुकुंदही नववीतच आहे. तिला हसू आलं. पुस्तक ठेवून गेली. मुलगा दुसऱ्या दिवशी येऊन परत घेऊन गेला, हे मी तिला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. (हशा)

आपल्याकडे मंगळवारचा ढीग नाही. कधीकधी मला त्याचा हेवा वाटतो. ढिगात शंभर टाकाऊ असतील, पण त्यामुळे एक कपाट उभं राहतं, आणि कपाटापुढे उभ्या राहिलेल्या मुलाला एवढं तरी कळतं की आपल्या वयाच्या माणसासाठी कोणीतरी काहीतरी लिहिलेलं आहे. आपल्याकडे बालविभागातून मूल बाहेर पडतं आणि एकदम मोठ्यांच्या दाराशी येतं. मधली खोलीच नाही. जी चारदोन चांगली पुस्तकं आहेत ती त्या खोलीत मांडायचं काम तरी आपण करू शकतो. त्याला नवीन लेखक लागत नाहीत, एक फळी आणि एक पाटी लागते.

समोर बसलेल्या आजी-आजोबांना एक सांगतो. नातवंडांना पुस्तक देण्याआधी स्वतः वाचा. आवडलं तर द्या. दिल्यावर 'काय शिकलास' असं विचारू नका. त्यांनी दोन दिवस बोलणं बंद केलं तर करू द्या.

नातीच्या या आठवड्याच्या निरोपाला मी उत्तर दिलं आहे. लिहिलं, तुला जे पान वाचताना 'हे माझ्याबद्दल यांना कसं कळलं' असं वाटेल ते पुस्तक घे, आणि मग मला पाठव. आणि तुझ्या पुढच्या सुट्टीत आपण 'शाळा' मोठ्यानं वाचू, तू अडखळलीस तर मी आहे. कराडची गोष्टही तिला मी त्याच सुट्टीत सांगणार आहे. तोवर तिनं हे व्याख्यान ऐकलं नाही तर बरं.

इथे थांबतो.